लादीचा रकाना

मी एक जुना जिना आहे, मित्रांनो, पण माझ्यावर आजवर एकाही माणसाचा पाय पडलेला नाही. मी राहतो कॉम्प्युटरमध्ये. मला उंची सांगा, रुंदी सांगा, की मी माझ्या पायऱ्या स्वतः मोजतो, सगळ्या सारख्या करतो आणि तुमच्यासमोर उभा राहतो. दहा फुटांचा हवा? होतो. चौदा फुटांचा? तोही होतो. माझं ड्रॉइंग बघून कळंबोलीच्या वर्कशॉपमध्ये लोखंड कापलं जातं आणि तळोज्याच्या कारखान्यांत खरे जिने उभे राहतात. लोक त्यांच्यावरून चढतात-उतरतात. मला कोण ओळखणार?

दिपिकाने मला २००९ साली घडवलं. ती पनवेलजवळच्या गावातली, मिठागरात राबलेल्या घरातली मुलगी. घरातली पहिलीच ऑफिसात खुर्चीवर बसणारी. तिच्या आधी तिथे प्रत्येक जिना नव्याने काढत. उंची दोन इंचांनी बदलली की सगळं पुसायचं आणि पुन्हा मांडायचं. दिपिका त्याला विटली होती. तिने माझ्या रेषांना नियम लावले, एक माप बदललं की बाकीची आपोआप बदलावीत असे. बोलायला सोपं आहे. पहिले तीन आठवडे उंची वाढवली की माझा कठडा हवेत लटकायचा आणि रुंदी वाढवली की पायऱ्या भिंतीत घुसायच्या. तेव्हा ती मला शिव्या घालायची. मला त्या आवडायच्या.

माझा सगळ्यात शहाणा नियम मात्र कॉम्प्युटर न शिकलेल्या माणसाने सांगितला. काळूराम हा वर्कशॉपमधला जुना फिटर. तो पडद्यासमोर उभा राहिला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "बाय, जिना झ्याक हाय. पण वरती लादी बसंल, तवा काय?"

"कसली लादी, काका?"

"केमिकलवाल्यांची. ॲसिड सांडलं तरी टिकते, ती जाडी लादी. जिना आमी आदी लावतो, लादी मागाहून येते. वरची जमीन उचलते ना शेवटची पायरी उंच होते. माणूस खाली बघून चढत नाय. पाय सवयीनं उचलतो, तितंच अडकतो."

दिपिकाने त्याच दिवशी माझ्यात एक रकाना वाढवला, 'वर येणाऱ्या लादीची जाडी'. ती जाडी उंचीत धरूनच मी पायऱ्या वाटायचो. रकाना रिकामा ठेवला, तर मी लाल व्हायचो आणि ड्रॉइंग द्यायचोच नाही. फार हट्टी होतो मी. त्या हट्टाचा मला अभिमान होता.

मग कौतुकाचे दिवस आले. ऑफिसचे मालक कुमारसाहेब येईल त्या गिऱ्हाइकासमोर मला ताणून दाखवायचे, आखडून दाखवायचे. "हे आपण स्वतः डेव्हलप केलंय," म्हणायचे. छापील ड्रॉइंगवर खाली लिहिलेलं असायचं, डिझाइन: कुमार. दिपिकाने एकदा धीर करून विचारलं, "सर, त्यात माझंही नाव टाकाल का?"

"नावाने काय जिना मजबूत होतो का?" साहेब हसून म्हणाले. त्या दिवशी तिने मला नेहमीपेक्षा लवकर बंद केलं.

२०१३ साली दिपिका बाळंतपणाच्या रजेवर गेली. एका दुपारी साहेब स्वतः माझ्यासमोर बसले. त्यांनी लादीचा रकाना रिकामा सोडला आणि मी लाल झालो. "अरे, लादी किती येणार ते मला काय माहीत? क्लायंट खाली थांबलाय आणि हा बसलाय रुसून!" असं म्हणत त्यांनी तिथे शून्य लिहिलं. पुन्हा कटकट नको म्हणून रकानाच लपवून टाकला. मित्रांनो, खालच्या मजल्यावरच्या वर्कशॉपमध्ये काळूराम लोखंड घासत होता. जिन्याच्या तोंडाशी येऊन एक हाक मारली असती, तर त्याने जाडी तोंडपाठ सांगितली असती. साहेबांनी हाक मारली नाही. ते मला अजून विसरता येत नाही.

तो जिना तळोज्यातल्या एका कारखान्यात लागला. मागाहून लादी बसली. ठमाबाई तिथे झाडलोट करायची. बादली घेऊन चढताना शेवटच्या पायरीला तिचा अंगठा अडकला आणि ती थेट खाली आली. मांडीचं हाड मोडलं. काळूराम तिला दवाखान्यात बघून परत आला आणि थेट ऑफिसात येऊन म्हणाला,

"बिचारी म्हणते, इतकी वर्सां जिने चढतंय, माझाच पाय चुकला आसंल. मी टेप लावून आलोय. तिचा पाय नाय चुकला. वरची पायरी तीन इंच जास्त हाय!"

कारखान्याची माणसं जाब विचारायला आली. दिपिका कामावर परतून आठवडाही झाला नव्हता. एरवी मला 'आपण' बनवलेलं असायचं. त्या दिवशी साहेबांनी माझ्या फाइलची माहिती उघडली आणि बोट ठेवून वाचलं, "निर्मिती: दिपिका."

"सर, त्याखाली अजून एक ओळ आहे," दिपिका म्हणाली.

तिथे लिहिलं होतं, शेवटचा बदल: कुमार. कुणी वाचायच्या आत साहेबांनी पडद्यावरची ती खिडकी बंद केली. पाहुणे गेल्यावर म्हणाले, "बाळ लहान आहे तुझं. सोमवारपासून घरीच लक्ष दे."

त्या संध्याकाळी तिने मला शेवटचं उघडलं. 'शेवटचा बदल: कुमार' ही ओळ हाच तिचा एकमेव पुरावा होता. फाइलची प्रत बाहेर न्यायला ऑफिसात बंदी होती. मला वाटलं, ती निदान मला पुसून टाकेल. पुसलं असतं तर मी रागावलो नसतो. पण साहेबांनी लपवलेला रकाना तिने शोधून काढला, शून्य खोडलं आणि माझा नियम पुन्हा जागेवर बसवला. मी लाल झालो. आता फक्त सेव्ह करायचं राहिलं होतं.

काळूराम शेजारीच उभा होता. त्याला ती खालची ओळ दिपिकानेच दाखवली होती. "बाय, आता सेव केलंस तं तितं पन तुजंच नाव येल."

"येऊ दे, काका. पुढच्या आठवड्यात अजून दोन जिने निघणार आहेत."

तिने सेव्ह केलं. मी एका क्षणात ठीक झालो आणि त्याच क्षणात तिच्या विरुद्धचा साक्षीदारही झालो. सोमवारी साहेबांनी कारखान्याच्या माणसांना पुन्हा बोलावलं आणि या वेळी दोन्ही ओळी वाचून दाखवल्या. "बघा, चूक तिचीच होती. जाताना स्वतःच दुरुस्त करून गेली." मी तिथेच पडद्यावर होतो. मला तोंड नाही.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, माझ्यासारखा एखादा जिना उघडाल आणि तो लाल होईल. तेव्हा शून्य लिहू नका. खाली जा, ज्याला ठाऊक आहे त्याला विचारून या. तुमची पाच मिनिटं जातील. तो रकाना उघडा राहावा म्हणून एका बाईने स्वतःच्या खरेपणाचा पुरावा स्वतःच्या हाताने पुसला आहे.