वाटेला वेळ सांगत नाहीत

बाहेर उणे एकतीस. दुपारचे दोन वाजले तरी चोइजिलची गाडी खाणीच्या फाटकातून आत आली नव्हती, आणि वायरलेसवर नुसती खरखर.

बोअरचे पंप बघायला एकेकटे गोबीच्या वाळवंटात जाणारे ड्रायव्हर कधी परतणार ते वहीत लिहायचं, वेळ टळली की मागून गाडी पाठवायची, हे सारनाईचं काम. पण वाटेला लागणारा माणूस पोचायची वेळ तोंडातून काढत नाही. काढली की वाट ऐकते आणि आडवी येते. सकाळी तिनं विचारलं तेव्हा चोइजिल हसला होता, "मारतेस काय पोरी मला? लिही काहीतरी." सगळ्यांच्या नावापुढे लिहायची तेच तिनं लिहिलं. संध्याकाळी सहा.

खाणीच्या मॅनेजरनं, गानझोरिगसाहेबानं, वही बोटानं ठोकली. "सहा लिहिलंय. चार तास आहेत अजून. पाहुण्यांसाठी ठेवलेली गाडी उगाच पिटाळू?"

"चोइजिलकाका रोज एकला जेवायला येतात. डबा नेतच नाहीत."

"वहीत तसं नाही."

सहापर्यंत बंद पडलेल्या गाडीतला माणूस गारठून लाकूड होतो. हे तिला ठाऊक होतं, त्यालाही.

"वही खोटी आहे," सारनाई म्हणाली. "तीन वर्षं मीच रोज सहा ठोकून देते आणि तुम्ही खाली सही करता. हाकला मला, पण आधी गाडी द्या. कपाटातला सॅटेलाइट फोनपण. हरवेल म्हणून कुलपात ठेवलाय ना? इथं माणूस हरवलाय!"

साहेबाच्या खिशातून किल्ली निघाली. माणसाच्या जिवासाठी नाही, सहीच्या भीतीनं निघाली.

पाहुण्यांच्या गाडीचा ड्रायव्हर तुमूर फोन घेऊन सुसाट गेला. तीन वाजले. साडेतीन. सारनाईच्या चहावर साय धरली.

चारला फोन आला. "सापडला!" तुमूर ओरडत होता. "गाडी उलटलीय, पाय मोडलाय. टायर जाळून शेकत बसलाय म्हातारा. शेवटचं टायर होतं, ताई!"

तिनं पेन उचललं. "किती वाजता पोचाल?"

"वेळ नको विचारू, ताई," तुमूर म्हणाला. नुसता वारा. मग दातांवर दात आपटत दुसराच आवाज आला.

"पावणेसहा. लिही पोरी. आणि एक मिनिट जरी वर गेलं, तरी बोंब मार."