ऑस्बर्टचं रक्त

"घे म्हणतोय ना! एवढी वर्षं काढत आलीस, आज काय झालं?" ऑस्बर्ट माझ्यावर ओरडला.

"अंकल, तुमचं हिमोग्लोबिन आठवर आलंय. आणखी काढलं तर तुम्हालाच रक्त चढवावं लागेल."

"आत जॅनेल मरतेय आणि ही मला आकडे सांगतेय!"

तो आमच्या इस्पितळात स्ट्रेचर ढकलायचा. वय अडुसष्ट. मी प्रयोगशाळेत. सकाळी जॅनेल बाळंत झाली, मुलगी खणखणीत रडली, पण जॅनेलचा रक्तस्राव काही थांबेना. तिचा गट ओ निगेटिव्ह. फ्रीजमधली एकुलती एक पिशवी तिला लावून झाली होती आणि मोठ्या बेटावरून रक्त आणणारं विमान तीनच्या आत येणार नव्हतं. अख्ख्या बेटावर त्या गटाचा ठाऊक असलेला माणूस एकच. एकतीस वर्षं मेट्रनने हाक मारली की ऑस्बर्ट स्ट्रेचर भिंतीला लावून हात पुढे करायचा. आज त्याला पहिल्यांदाच कुणी 'नाही' म्हटलं होतं, आणि ते मी म्हटलं होतं. मला फार वाईट वाटलं.

मेट्रनने रेडिओवाल्यांना फोन केला. बेटावर कोण वारलं त्या रोजच्या बातम्या मध्येच थांबवून निवेदक म्हणाला, "जॅनेलला ऑस्बर्टचं रक्त हवंय, आणि ऑस्बर्टकडे आता उरलेलं नाही."

गटाचं नाव त्याने घेतलंच नाही. बेटावर त्या रक्ताला दुसरं नावच नाही.

पाऊण तासात फाटकाशी तेरा माणसं उभी. काठी टेकत आलेली म्हातारी, शाळेतले मास्तर, मिनीबसचा ड्रायव्हर. म्हाताऱ्यांना पुढे घालून मासळीवाली वेरोना, अख्ख्या बेटाची टँटी म्हणजे मावशी, सगळ्यांच्या मागे उभी होती. तिच्या मनगटाला अजून खवले चिकटलेले.

"तुम्ही सगळे कशाला आलात?" मी विचारलं.

"परत द्यायला," टँटी मागूनच गरजली. "नीरफणसाची फांदी अंगावर पडली तेव्हा ऑस्बर्टच्या दोन पिशव्या माझ्यात ओतल्यात. या सगळ्यांच्यातही ओतल्यात. काढ."

"तसं होत नसतं, टँटी. दिलेलं रक्त चार महिन्यांत संपून जातं. मग तुमचं तुमचंच उरतं."

"चार बुकं काय शिकलीस, माझ्या अंगात काय आहे ते मला सांगतेस? टोच!"

रांगेतून कुणीही हललं नाही. अडाणीपणा म्हणावा तर मास्तरही बाही वर करून उभे. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

डॉक्टर यामिला बाहेर आल्या. त्यांचे हातमोजे लाल झाले होते. "वाद पुरे. त्या वेळी घाईत यांचे गट कुणी पाहिले होते का?"

नव्हते पाहिले. ऑस्बर्टचं रक्त कुणालाही चालायचं, म्हणून आधी तेच लावायचे.

मी एकेकाच्या रक्ताचा थेंब चिनीमातीच्या पांढऱ्या पट्टीवर घेऊन त्यात औषध मिसळू लागले. थेंबाच्या गुठळ्या झाल्या की गट दुसरा. बारा जणांच्या गुठळ्या झाल्या. तेरावा थेंब टँटीचा. तो तसाच राहिला. मी पुन्हा करून पाहिलं. तसाच.

"देवा रे!" माझ्या तोंडून निघालं.

"देवाचं काय त्यात? ऑस्बर्टचं आहे ते," टँटी म्हणाली.

बाकीच्या तपासण्या झाल्या, पिशवी भरली, आत गेली. विमान येईपर्यंत जॅनेल तगली. संध्याकाळी तिने मुलीला जवळ घेतलं. नापास झालेले बारा जण तोवर व्हरांड्यातच बसून होते.

ऑस्बर्ट पेरूच्या सरबताचा पेला घेऊन टँटीच्या खाटेशी बसला होता. मी त्याला खरं काय ते सांगितलं होतं. ते रक्त टँटीचं जन्मापासूनचं, त्याचं नव्हे.

"म्हणजे आता आम्ही दोघं," एवढंच तो मला म्हणाला. मग तिच्याकडे वळला. "हे बघ वेरोना, रोज पालेभाजी खायची. रम फक्त शनिवारी. आणि बेटाबाहेर जायचं झालं तर आधी मेट्रनला सांगायचं."

"मोठा आला शिकवणारा! तू किती वेळा सांगून गेलास रे?"

"मी कधी गेलोच नाही."

टँटीने त्याच्याकडून पेला घेतला आणि परत त्याच्याच हातात दिला.

"आधी तू पी," ती म्हणाली.