ब्रेकवरचा पाय

मावशी गाडी चालवायला शिकवायची. शिकाऊ माणूस स्टीअरिंगला, ती शेजारच्या सीटवर, आणि तिच्या पायाशी तिचा स्वतःचा वेगळा ब्रेक. तोंडाने ती "छान, जमतंय की" म्हणत असायची. पाय मात्र कुणावर काडीचा विश्वास ठेवत नसे. समोर काही आडवं आलं की तो आपणहून खाली जायचा.

भाचीने हिप हॉपचा नवशिक्यांचा वर्ग काढला, तेव्हा पहिलं नाव मावशीनेच नोंदवलं. आईमागे या पोरीला तिनेच लहानाचं मोठं केलं होतं. तिचा वर्ग रिकामा राहिलेला मावशीला कसा खपेल? बाकी सगळ्या विशीतल्या पोरी. मावशीने नवे बूट घेतले, ढगळ पँट घेतली आणि आरशासमोर अशी काही ऐटीत उभी राहिली की भाचीला हसू आवरेना.

या नाचाची सगळी गंमत गुडघ्यांत आहे, असं भाची सांगायची. गुडघे सैल सोडायचे, ठेक्यावर खाली दबायचं, मग अंग आपोआप डुलतं. मावशी डुलायचीही झकास. हात तर असे फिरायचे की पोरी तोंडात बोटं घालायच्या. पण मध्येच उजवा पाय ताठ व्हायचा आणि सगळा डौल जागच्या जागी थिजायचा. "मावशी, सिग्नल लागला का?" पोरी विचारायच्या. मावशीही हसायची, पण मनातून खट्टू व्हायची. वर्गाचा पहिला कार्यक्रम तोंडावर आला होता. आपल्यापायी पोरीचं हसं व्हायला नको, म्हणून एका संध्याकाळी तिने बूट पिशवीत कोंबले आणि माझं नाव काढून टाक म्हणाली.

भाची तिच्याजवळ फरशीवरच बसली.

"मी आरशात बघते ना, मावशी. तू उगीच नाही थांबत. मी हातांवर उलटी झाले की तुझा पाय खाली जातो. मी लांब असले की मस्त नाचतेस."

मावशीने आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. ही चोरी तिची तिलाही ठाऊक नव्हती.

"आणि पडलीस म्हणजे?" एवढंच ती म्हणाली.

"पडेन की. उठेन."

कार्यक्रमात भाचीने तिला सगळ्यांत पुढे उभं केलं आणि स्वतः तिच्या मागे राहिली. गाणं सुरू झालं. मावशी रंगात आली. मागे भाचीचे बूट वाजत होते. मग ते थांबले, म्हणजे पोरगी हातांवर गेली. आणि धप्पकन आवाज झाला.

पहिल्या रांगेतल्या लोकांचे चेहरे कसनुसे झाले. मावशीचा पाय ताठ झाला, मान वळायला लागली.

"चालू दे, मावशी," मागून धापा टाकत भाची म्हणाली.

मावशीने गुडघे सैल सोडले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता, आणि ती ठेक्यावर दबत, डुलत राहिली. थोड्या वेळाने मागे बूट पुन्हा वाजू लागले. तिने वळून पाहिलं नाही.