माझ्या गळ्यातला चामडी पट्टा

मित्रांनो, मी एक जुना स्टिअरिंगचा दांडा आहे. मोटार वळवायला चालक जे गोल चाक फिरवतो, ते माझ्या डोक्यावर बसवलेलं असतं. बाहेर एक पोकळ नळी आणि तिच्या आत फिरणारी लोखंडी कांब, एवढाच मी. कांब नळीवर आपटू नये म्हणून वरच्या टोकाला, माझ्या गळ्याशी, नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, मऊ कडं घातलेलं असतं. ते कडं ध्यानात ठेवा. माझं सगळं सुखदुःख तिथेच झालं.

मी विलायतेत घडलो, पण तिथलं मला फारसं आठवत नाही. मला आठवतं ते १९६२ साल. चिंचवडच्या माळावर तेव्हा एकेक कारखाना उभा राहत होता. दौलतरावांनी तिथे ओतकामाचा लहानसा कारखाना काढला आणि आमची काळी मोटार विकत घेतली. चालक म्हणून त्यांनी दापोडीच्या कोंडीरामना ठेवलं. कोंडीरामनी पलटणीत ट्रक चालवले होते. त्यांच्या कमरेला पलटणीचाच रुंद चामडी पट्टा असे. त्याचं पितळी बक्कल त्यांची बायको तानुबाई राखेनं घासून चकचकीत ठेवायची. त्या पट्ट्याचा तिला फार अभिमान होता.

रोज सकाळी पुण्याहून निघून, दापोडीचा पूल ओलांडून, कासारवाडी आणि पिंपरी मागे टाकून आम्ही चिंचवडला यायचो. कारखान्याच्या फाटकाशी एकदम डावीकडे वळावं लागे. साऱ्या वाटेत चाक पुरतं फिरवावं लागे ते तिथेच.

काही वर्षांनी माझ्या गळ्यातला नमदा झिजला. कांब नळीवर आपटू लागली. खडखड ऐकून कोंडीराम म्हणाले, "घसा बसला व्हय रं तुझा?" विलायती मोटारींचे सुटे भाग तेव्हा मिळत नव्हते. त्यांनी पुष्कळ दुकानं पालथी घातली आणि हात हलवत परत आले.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी कारखान्यात यंत्रं बंद ठेवून पूजा करत. हत्यारांना हळदकुंकू, फुलं. दिवसभर कुणी पान्याला हात लावत नसे. कोंडीरामनी धम्म घेतला होता. ते पूजा करत नसत, आणि दुसऱ्याच्या पूजेला हसतही नसत. "तुमचं चालू द्या राव," ते म्हणाले, "मोटार आज मोकळी हाय. मी तिचा गळा बघतो." त्यांनी मला उघडलं. कमरेचा पट्टा सोडून त्याच्या टोकाची एक चिंधोटी कापली, एरंडेल तेलात मुरवली आणि माझ्या कांबेभोवती गुंडाळून नळीत ठासली. माझी खडखड थांबली.

दर खंडेनवमीला हेच. जुनं चामडं काढायचं, नवं घालायचं. पट्टा आखूड होत गेला. एकदा तानुबाई डबा घेऊन आली आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

"अवो, पोट सुटतंय का पट्टा आटतोय?"

"धुण्यात आटला असंल."

"चामडं कुनी धुतं व्हय?"

कोंडीराम नुसते हसले. बायको ज्याला एवढं जपते तो पट्टा आपण कापतो, हे त्यांना सांगवेना.

एके दिवशी फाटकाशी वळून त्यांनी मोटार थांबवली आणि चाकावर मान टाकली. दौलतराव मागून हाका मारत होते. कोंडीराम उठले नाहीत. चाकावरची त्यांची मूठ दोघांनी मिळून सोडवावी लागली. मित्रांनो, त्या तळहाताची ऊब लगेच गेली नाही. माझ्या अंगातून ती हळूहळू उतरत राहिली.

त्यांच्या जागी विलास आला. पोरगा गुणी होता. पुढच्या खंडेनवमीला त्याने मोटार धुतली, हार घातला, चाकाजवळ नारळ फोडला. माझ्या गळ्याला लिंबू-मिरची बांधली. एवढा मान मला कधी मिळाला नव्हता. पण त्या दिवशी पान्याला हात लावायचा नाही, म्हणून मला कुणी उघडलं नाही. पूजा झाली याचा अर्थ मोटारीचं सगळं झालं, असंच सगळे समजले.

आतलं चामडं सुकलं. त्याचं एक टोक वळून कांब आणि नळी यांच्यात शिरलं. चाक पुरतं फिरवलं की ते चेपायचं. मग मी कण्हायचो, चाक क्षणभर कुणी धरल्यासारखं अडायचं आणि एकदम सुटायचं. हे फाटकाशीच व्हायचं, कारण पुरतं वळण तिथेच होतं.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा विलासने मोटार तिथेच थांबवली. फाटकावरचा पहारेकरी दत्तोबा जवळ आला.

"हितंच गेला ना त्यो," दत्तोबा हळूच म्हणाला. "मूठ सोडवावी लागली व्हती. अजून सोडली न्हाई त्यानं."

तो आवाज चामड्याचा आहे हे मला ठाऊक होतं. पण खरं सांगतो, तो अगदी कोंडीरामच्या कण्हण्यासारखा होता. कधी कधी मलाही वाटे, माझ्या चाकावर विलासच्या हातांखाली आणखी एक हात आहे.

बोलणं दापोडीपर्यंत गेलं. तानुबाई नळावर आली की बायका गप्प होत. लोक तिच्या नवऱ्याचं नाव घेईनासे झाले. 'फाटकावरचा' म्हणू लागले. एक दिवस चाक अडून सुटलं आणि मोटार फाटकाच्या खांबाला घासली. दौलतराव म्हणाले, "जिवाशी खेळ नको. मोटार भंगारात द्या." त्यावर दत्तोबाने तानुबाईला निरोप धाडला. भगत बोलावलाय, उतारा टाकू, नवऱ्याची एखादी वस्तू घेऊन या.

तानुबाई आली. काखेत पिशवी होती.

"वस्तू आणली का, वैनी?" दत्तोबाने विचारलं.

"आणली. पन आधी ह्ये खोला," ती माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली.

कारखान्याचा फिटर भिमाजी मागे सरला. "वैनी, आत काय असंल कुनाला म्हाईत."

"भूत निघालं तर मी घरी घिऊन जाते. माझंच हाय."

भिमाजी मोठ्याने हसला, आणि हसल्यावर त्याचा हात चालू झाला. त्याने चाक काढलं, चिमट्याने माझ्या गळ्यातून काळी, कडक चिंधोटी ओढून काढली. "चामडं हाय," तो म्हणाला. "कुनीतरी मुद्दाम बसवलंय."

तानुबाईने ती हातात घेतली. पिशवीतून पट्टा काढला. धम्मात भूत नाही म्हणणारी ती बाई उताऱ्यासाठी नवऱ्याचा पट्टा घेऊन आली होती. तिने चिंधोटी पट्ट्याच्या कापलेल्या कडेला लावली. तिरका काप तिरक्या कापाशी बरोबर बसला.

"आटला म्हनं!" ती म्हणाली. हसू आलं आणि तिथेच मोडलं. तिने पदर तोंडाला लावला.

विलासने डोक्यावरची टोपी काढली.

"नवा नमदा मिळायचा न्हाई," भिमाजी चाचरत म्हणाला. "असंच चांगलं चामडं लागंल."

तानुबाईने बक्कल काढून घेतलं आणि उरलेला पट्टा त्याच्या हातावर ठेवला. "काप. आन दत्तोबा, आत कोन हाय असं कुनी इचारलं, तर पट्टा हाय म्हनून सांगा. त्येंचं नाव घिऊन सांगा."

मग दौलतरावांनी मोटार ठेवली. विलास दर खंडेनवमीला आधी मला उघडायचा, तेल द्यायचा, मग हार घालायचा. ऐंशीनंतर इंजिनच बसलं आणि आम्ही खरोखर भंगारात आलो. पट्ट्याचा शेवटचा तुकडा अजून माझ्या गळ्यात आहे.

इथे मुलं खेळायला येतात. माझं चाक फिरवतात. मी कण्हतो आणि ती ओरडत पळतात. मित्रांनो, पळू नका. वाकून बघा, आणि जमलं तर एरंडेलाचे चार थेंब सोडा. इथे भूत नाही. एका माणसाने आपल्या कमरेचं काढून मला दिलं होतं, ते कोरडं पडलं आहे.