बाराचा ताफा

बेत साधा होता. रोसेंदालहून सकाळी आठला विजेच्या गाडीने, शंभर टक्के बॅटरीवर निघायचं, कुठेही न थांबता पठाराच्या फाटकाशी पोचायचं आणि बाराच्या ताफ्यात शिरायचं. वादळात पठारावर एकट्यादुकट्या गाडीला सोडत नाहीत. बर्फ काढणारा ट्रक पुढे, गाड्या मागे. चार्जिंग थेट पलीकडे, यायलोला. आर्नफिनने काल दुपारभर बसून थंडी, चढ, हीटर, सगळं धरून आकडे मांडले होते. त्याच्या बायकोला, तोरब्योर्गला, त्या आकड्यांतून एकच हवं होतं: संध्याकाळपर्यंत ओस्लो. तिची बहीण ओसहिल्ड तिथल्या इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होती, आणि नऊ वर्षांच्या अबोल्यानंतर काल सकाळी तिनेच फोन केला होता. "ये," एवढंच म्हणाली होती.

फाटकाशी पोचले तेव्हा बाराला दहा कमी होते. बॅटरी चौसष्ट टक्के उरायला हवी होती. उरली होती एकेचाळीस.

"असं होऊच शकत नाही," आर्नफिन म्हणाला.

फाटकावरचा, नारंगी जाकिटातला रस्तेवाला खिडकीशी वाकला. "किती?"

"एकेचाळीस."

"नाही सोडता येणार. वर ताफा अडकला तर तीन-तीन तास हीटर लावून बसावं लागतं." त्याने टपाकडे पाहिलं. "आणि स्कीची पेटी कशाला? घसरगुंडी खेळायला निघालात?"

नोव्हेंबरात चढवलेली पेटी ईस्टरनंतरच उतरायची. अख्ख्या गल्लीची तीच रीत. रिकामी पेटीही वारा अडवून बॅटरी खाते, हे आर्नफिनने धरलंच नव्हतं.

"माझी बहीण तरी धरली होतीस का रे त्या कागदात?" तोरब्योर्ग म्हणाली.

"मागे एडफ्योरला जाऊन चार्ज करू. तीनचा ताफा..."

"तीनचा सुटेलच असं नाही," रस्तेवाला म्हणाला. "वारा वाढतोय."

तिने पट्टा सोडला. मागे मासळीचा ट्रक उभा होता. वाऱ्यात वाकून चालत तिने त्याचं दार ठोठावलं.

"ओस्लो?"

"हो. पण वास येईल, ताई."

"येऊ दे."

आर्नफिन धावत तिची पिशवी घेऊन आला. ती वर चढली. फाटक उघडलं. तिने इस्पितळाला फोन लावला. "तिला सांगा, मी निघालेय."

"तुम्हीच सांगा," परिचारिका म्हणाली. "फोन कानाशी धरते."

काचेपुढे सगळं पांढरं झालं होतं.

"ओसहिल्ड," तोरब्योर्ग म्हणाली, "ट्रकमधून येतेय गं. मासळीच्या."

पलीकडे श्वास ऐकू येत होता.