भिंतीवरचं ओलं पान

"अब्बाये, राजाला सूर्य तुम्हीच म्हणालात आणि चोरही तुम्हीच. मग खोटं कुठल्या दिवशी छापलंत?"

मिन्तवाबने बापाला हे विचारलं आणि मित्रांनो, भिंतीला चिकटलेला असूनही मी शहारलो! शाळेत मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं, 'दम असेल तर घरी विचार!' आणि बाईसाहेबांत दम भलताच.

मी अदिस अबाबाच्या, अम्हारिक भाषेतल्या सरकारी वर्तमानपत्राचा एक जुना अंक आहे. राजाच्या अमदानीत जन्मलो. मिन्तवाबच्या वडिलांनी, लेगेसेंनी, शिशाचं एकेक अक्षर वेचून मला जुळवलं. माझ्या पहिल्या पानावर मुकुट घातलेला राजा! लेगेसेंनी मला कौतुकाने घरी आणलं, पिठाच्या खळीने मातीच्या भिंतीवर चिकटवलं. पाहुणे कॉफी पिता पिता मला वाचत. मिन्तवाब तर माझ्यावरून बोट फिरवतच अक्षरं शिकली. काय रुबाब होता माझा!

मग लष्कराने राजाला हटवलं. वर्तमानपत्राचं नाव तेच, लेगेसेंची बोटं तीच, शब्द मात्र उलटे. माझ्यावर चुलीची काजळी चढली. कुणी ढुंकून बघेना.

आज मात्र सगळे माझ्याकडेच बघत होते. गल्लीत घरोघर झडती चालली होती. राजाचा फोटो सापडला की घरधनी तुरुंगात!

"इथे जिवावर बेतलंय आणि हिला प्रश्न सुचतायत!" अस्कालेच नावाची तिची आई करवादली. "आधी खळ आण!"

मला खरवडायला वेळ नव्हता. लेगेसेंनी ताजा अंक माझ्या तोंडावर थापला. त्यावर नवे अध्यक्ष, मूठ उगारलेले. पण घात झाला! ओल्या कागदातून माझा मुकुट दिसू लागला, तोही थेट अध्यक्षांच्या डोक्यावर.

दारावर बंदुकीचा दस्ता आपटला. झडतीवाले कॉम्रेड शिबेशी आत आले. मिन्तवाबने धावत येऊन माझ्यावर पाठ टेकली. तिच्या काळजाची धडधड माझ्या कागदाला कळत होती.

"काय गं, तू नसलीस तर भिंत पडेल का?"

"भिंत नाही कॉम्रेड, अध्यक्ष पडतील. खळ ओली आहे. सांगत असाल तर सरकते. पण ते तोंडावर आपटले, तर कोणामुळे ते बाहेर तुम्हीच सांगा."

शिबेशींचा चेहरा उतरला. "उभीच राहा तू! हलू नकोस!" त्यांनी पेटी उपसली, गादी उलटली आणि पायाला पाय लावून पसार झाले.

लेगेसेंनी दाराला कडी घातली. "पोरी, मी नुसती अक्षरं जुळवतो गं..."

मित्रांनो, जुन्या अंकाला रद्दी म्हणू नका. काल काय म्हणत होतो ते आज नाकारणारे पुष्कळ असतात. त्यांना गप्प करायला आम्हीच लागतो.

मिन्तवाब भिंतीपासून सुटली. पाठभर शाई, केसांत खळ. तशीच ती आईबापांसमोर उभी राहिली.

"अब्बाये, इमाये, मी ठरवलंय. यापुढे घरात आलेला एकही अंक भिंतीवर जाणार नाही, चुलीतही जाणार नाही. सगळे मी जपणार. आणि तुम्ही नको म्हणालात, तरीही!"