जेठ खोलीत असताना

गायनॅकच्या, म्हणजे बाळंतपणाच्या वॉर्डातल्या, पोस्टिंगमध्ये पहिल्या आठवड्यात मी एकच गोष्ट शिकली. भिंतीले टेकून उभं राहायचं नाही. अर्पिता मॅडमनं पाह्यलं की संपलं. "भिंत पडून नाही राह्यली, तिले धरून नको ठेवू," म्हणत. मॅडम म्हणजे आमच्या रेसिडेंट. डॉक्टर झालेल्या, अन आता बाळंतपणाचं पुढचं शिकून राह्यलेल्या. आमच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या, पण दरारा असा की चांगले चांगले पोट्टे घाबरून हातमोजे उलटे घालत.

दुसरी गोष्ट शिकली ते तीन प्रश्न. ज्या गरोदर बाईचा बीपी वाढलेला आहे, तिले पुन्हा पुन्हा विचारायचे. डोकं दुखते का? डोळ्यापुढं धूसर दिसते का? छातीखाली, बरगडीपाशी दुखते का? तिन्हीपैकी एकालेही 'हाव' आलं तर पळत सांगाले यायचं. कारण मंग तिले कधीही झटका येऊ शकते, अन त्या झटक्यात माय अन लेकरू दोघंही जाऊ शकतात. मी हे तीन प्रश्न मेसमध्ये पोळी खाता खाता घोकत होती. गावी, नेरले, घरी फोन लावला अन आईलेच विचारलं, "आई, डोकं दुखते का?" आई म्हणे, "हाव, तुह्याच पायी दुखते."

तर त्या दिवशी दुपारी भारत राठोडच्या घरची गाडी आली.

भारत माह्या बॅचचा. फुलसावंगीकडल्या बंजारा तांड्यातला. त्याच्या तांड्यातून डॉक्टर होणारा हा पहिलाच, त्यामुळं तिथं कोणाले साधी शिंक आली तरी याचा फोन वाजे. पोरगा हुशार, पण गर्व नाकाच्या शेंड्यावर. त्याच्या लहान भावाचं, बादलचं, लग्न याच्या आधी झालं होतं, अन त्या बादलची बायको बबिता पहिलटकरीण. भारतनंच घरी सांगून ठेवलं होतं की तिले इकडंच आणा, मी आहो.

सोबत भारतची आई होती, जमनीबाई. बबितेले स्ट्रेचरवरून उतरवत होते अन ही बाई साऱ्या वॉर्डाले ऐकू जाईल असं सांगून राह्यली होती, "पुसदचा दवाखाना रस्त्यातच लागला, पर आम्ही थांबलोच नाही. माहा पोरगा यवतमाळात डॉक्टर असताना पुसदले कायले थांबू?"

"डॉक्टर नाही अजून, याडी," भारत हळूच म्हणाला. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. पण त्याचे कान लाल झाले होते, अन ते आनंदानं झाले होते, हे मले दिसलं.

बबितेचा चेहरा मात्र कोणालेच दिसला नाही. तिनं ओढणी डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढलेली. आमच्यात ज्याले भासरा म्हणतात, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, त्याले त्यांच्यात जेठ म्हणतात. भारत तिचा जेठ. त्याच्यासमोर तोंड उघडं ठेवायचं नाही, हे मले माहीत होतं. आमच्या आजीच्या वेळीही असंच होतं म्हणे. मले वाटलं, चेहरा झाकला तर झाकला, आपल्याले काय करायचं.

मी बीपी घेतला. वाढलेला होता, पण फार नाही. पायावर सूज होती. मॅडमनं गोळी दिली अन म्हणाल्या, "आत्ता झटका रोखायचं मॅग्नेशियम लावण्याएवढं दिसत नाही. पण तीन प्रश्न सोडू नका. एक जरी 'हाव' आला तरी मले हाक मारा." एवढं सांगून त्या शेजारच्या टेबलावर गेल्या. तिथं दुसऱ्या बाईचं लेकरू निघायच्या बेतात होतं. सिस्टर त्यांच्यासोबत. इकडं पडद्याआड बबिता, जमनीबाई अन मी. भारत पडद्याच्या बाहेर.

त्याले बाहेर उभं केलं होतं ते बोलीसाठी. बबितेचं माहेर पैनगंगेच्या पलीकडलं, आदिलाबादकडल्या तांड्यातलं. तिले गोरबोली, म्हणजे तांड्याची बोली, येते अन तेलुगू येते. मराठीत 'पाणी' अन 'हाव' याच्यापुढं गाडी जात नव्हती. त्या पाळीत भारतशिवाय गोरबोली कोणालेच येत नव्हती. जमनीबाईले मराठी येत होती, पण प्रश्न पुरा व्हायच्या आधीच ती आपल्या मनानं उत्तर देऊन टाके. मंग आमचं असं चाललं: मी मराठीत विचारायची, भारत पडद्यामागून गोरबोलीत विचारायचा, तो तिच्याशी नाही तर आपल्या आईशी बोलायचा, आई बबितेकडं पाहून तेच पुन्हा बोलायची, अन ओढणी इकडून तिकडं हलायची.

"कोनी," जमनीबाई सांगायची. म्हणजे नाही.

"नाही म्हणते," भारत पडद्याबाहेरून सांगायचा.

अन मी कागदावर 'नाही' लिहायची. डोकं नाही. डोळे नाही. छातीखाली नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. पण बाप्पा, बीपी वर चढून राह्यला होता. एकदम नाही, जिना चढावा तसा हळूहळू. अन बाई म्हणते काहीच होत नाही? मी तीनदा दंडाचा पट्टा काढला, तीनदा बांधला. वाटलं मशीनच खराब असंल. पण मशीन चांगलं होतं.

"जमनीबाई, नीट विचारा न तिले," मी म्हटलं.

"अवं विचारलं न बाई. पहिलटकरणीचं असंच राह्यते. जरा सोसाच लागते. तू नवीन आहेस, तुले भेव वाटते."

हे खरंच होतं. मी नवीनच होती, अन मले भेव वाटतच होतं. पण खरं बोललं की राग येते माणसाले. मी रागानंच पाण्याचा ग्लास बबितेपुढं धरला. "पाणी," म्हटलं.

तिनं हात पुढं केला. ग्लास इथं, अन तिचा हात बाजूले, हवेत. बोटं मिटली, रिकामीच. मंग तिनं चाचपत चाचपत ग्लास शोधला.

व माय! मी तिच्या ओढणीजवळ तोंड नेलं. "दिसत नाही का तुले?" मराठीत विचारलं, कळो की न कळो. ओढणी जराशी वर झाली. ती माह्याकडं पाहतच नव्हती. पडद्याच्या खालच्या फटीकडं मान वळवून होती. त्या फटीतून भारतचे पांढरे बूट दिसत होते, तिले धूसर का होईना, पांढरं काहीतरी दिसत असंलच. तिनं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, अन मान हलवली. नाही.

तेव्हा माह्या डोक्यात लख्ख झालं. हे 'नाही' आमच्या प्रश्नांचं उत्तरच नव्हतं. जेठ उभा असताना मी बोलणार नाही, एवढंच ती सांगून राह्यली होती. अन आम्ही ते गाढवावानी कागदावर लिहून राह्यलो होतो.

मी पडदा सारून बाहेर आली. "भारत, तू जा इथून."

"कायले?"

"तू असल्यावर ती बोलत नाही."

तो भडकलाच. "डोकं फिरलं काय तुह्यं? मी गेलो तर तिचं बोलणं कोणाले समजंल? तुले? अन आमच्यात आता तसं काही राह्यलं नाही. मी शिकलेला माणूस आहो."

"तू शिकला रे. पण ती तुह्याशी बोलाले कधी शिकली? सांग न, लग्न झाल्यापासून एक शब्द बोलली काय ती तुह्याशी?"

त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "नाही," म्हणाला. "एकही नाही."

"मंग जा न बावा. आईलेही घेऊन जा. पार दरवाज्याच्या बाहेर. अन जाताना तिले ऐकू जाईल असं म्हण की मी चाललो."

तो गोरबोलीत काहीतरी मोठ्यानं म्हणाला. जमनीबाई कुरकुरत उठली, माह्याकडं जळजळीत पाह्यलं, अन गेली. दरवाजा वाजला.

आता बबिता अन मी. मी तिची ओढणी अलगद वर केली. केवढीशी पोरगी! डोळ्याखाली सूज, ओठ दातांनी चावून चावून रक्ताळलेले. मी माह्या डोक्यावर हात ठेवून तोंड वाकडं केलं, दुखल्यासारखं. बस. धरण फुटावं तसं तिचं बोलणं सुटलं. त्यातला मले एकच शब्द समजला, माथो. माथो, माथो, माथो. मंग तिनं डोळ्यापुढं हाताचा पंजा हलवला अन रडत रडत मान हलवली. मंग माहा हात धरला अन आपल्या उजव्या बरगडीखाली दाबून ठेवला.

तिन्ही. तिन्ही प्रश्नांले हाव.

"मॅडम!" मी अशी बोंबलली की शेजारच्या टेबलावरली बाई कण्हायची थांबली.

मॅडम आल्या. त्यांनी रागावायले एक क्षणही घालवला नाही. "सिस्टर, मॅग्नेशियम भरा. वैष्णवी, हात धर, शीर हलू देऊ नको." औषध शिरेतून द्यायचं होतं, अन ते हळूहळूच द्या लागते, घाई करता येत नाही. मॅडमचा अंगठा सिरिंजच्या पिस्टनवर. मी त्या अंगठ्याकडं पाहून राह्यली होती अन मनात म्हणत होती, लवकर, लवकर, माय माउली, लवकर.

अर्धंही गेलं नव्हतं. बबितेची मान एका बाजूले वळली. डोळे वर फिरले. जबडा कुलूप लागल्यासारखा बंद झाला, अंग लाकडावानी ताठ, अन मंग सारं शरीर थडथड उडाले लागलं.

"कुशीवर करा! डाव्या कुशीवर! ऑक्सिजन लावा, तोंडातला फेस काढा, कोण आहे तिकडं?" मॅडमले सुई सोडता येत नव्हती. मी हात सोडला असता तर शीर गेली असती. सिस्टर दुसरं इंजेक्शन फोडून राह्यली होती.

"भारत!" मी ओरडली. "ये आत!"

तो दरवाज्यात होता. त्याची आई त्याच्या दंडाले लोंबकळलेली. "तू नको जाऊ! तू जेठ आहेस तिचा, हात नको लावू!" तो एक क्षण थांबला. मी पाह्यलं, खरंच थांबला. मंग दंड झटकून आत आला. त्यानं बबितेचा खांदा अन कंबर धरून तिले कुशीवर केलं, जबडा वर उचलला, नळीनं फेस ओढला, मास्क तोंडावर धरला. एकामागून एक, पुस्तकात आहे तसं.

अन जमनीबाई धावत आली. तिनं खाली पडलेली ओढणी उचलली अन बबितेच्या तोंडावर टाकली. मास्कवर, नाकावर, साऱ्यावर. लाज झाकाले! पोरीचा श्वास अडकून राह्यला होता अन ही माऊली तिची लाज झाकून राह्यली होती.

"याडी!" भारत असा ओरडला की मी आजवर त्याचा तसा आवाज ऐकला नव्हता. त्यानं ओढणी ओढून दूर फेकली. पुढचं गोरबोलीत बोलला, मले ते समजलं नाही. जमनीबाई मात्र भिंतीले टेकली अन तशीच खाली बसली. तिले कोणीच उठवलं नाही.

झटका थांबला. श्वास घरघरत घरघरत आला. भारत मास्क धरूनच होता, तिच्या चेहऱ्याकडं पाहत. लग्नानंतर पहिल्यांदा त्यानं तो पाह्यला असंल. "निळी होती," तो मले म्हणाला, "आता नाही. आता नाही न, वैष्णवी?"

"नाही," मी म्हटलं. मलेही खात्री नव्हती.

तिले लगेच ऑपरेशनले नेलं. मुलगी झाली, इवलीशी, काचेच्या पेटीत ठेवली. बबिता वाचली. पण मॅडमनं आम्हाले सुखानं श्वास घेऊ दिला नाही. "बाळंतपणानंतरही झटका येऊ शकते. आज अन उद्या, प्रश्न चालू ठेवायचे." मंग भारतकडं पाहून म्हणाल्या, "अन कोण विचारते, कोण ऐकते, कोण उभं आहे, हेही पाहायचं. पुस्तकात हे नाही, म्हणून सांगते." भारतनं मान खाली घातली. मीही घातली, कारण 'नाही' लिहिणारी मीच होती.

दुसऱ्या दिवशी राउंडच्या आधी मी बीपी घेऊन राह्यली होती. भारत वॉर्डाच्या दारापाशी थांबलेला, आत येऊ की नको असा. जमनीबाई खाटेजवळ. तिनं त्याले पाह्यलं अन सवयीनं तिचा हात बबितेच्या ओढणीकडं गेला. मंग तो हात तसाच राह्यला. तिनं ओढणी ओढली नाही. उठली, दारापाशी गेली, अन त्याले म्हणाली, मराठीतच, बहुतेक मलेही कळावं म्हणून, "जा. तूच विचार तिले. मी बाहेर बसते."

भारत खाटेशी आला. चेहरा असा, जसं काही त्याचीच परीक्षा आहे. त्यानं बबितेकडं पाहून विचारलं. सरळ तिले. हळू आवाजात, गोरबोलीत.

बबितेच्या कपाळावर ओढणी होती, चेहरा उघडा. तिनं एकदा दाराकडं पाह्यलं, एकदा माह्याकडं. मंग भारतकडं नाही, त्याच्या हातातल्या कागदाकडं पाहून, बारीक आवाजात म्हणाली, "माथो दुखच."

डोकं दुखते! भारतच्या हातून पेन पडला. "वैष्णवी, बीपी! बीपी घे! मॅडम कुठं आहे?" मी आत्ताच घेतला होता, तरी पुन्हा घेतला. चांगला होता. दुसऱ्या हातावर घेतला, तोही चांगला. डोळे विचारले, साफ दिसते म्हणे. बरगडी विचारली, दुखत नाही. मॅडम आल्या, साऱ्या तपासण्या पाह्यल्या, अन म्हणाल्या, "उपाशी आहे कालपासून. चहा द्या तिले."

भारतनं तिले चहाचं विचारलं. ती पुन्हा काहीतरी म्हणाली, या वेळी जरा लांब. ते ऐकताच त्याच्या डोळ्यातून घळाघळा पाणी येऊ लागलं.

"काय म्हणते ती? अबे सांग न!" माहा जीव पुन्हा टांगणीले.

"म्हणते, साखर जास्त टाकजा," तो म्हणाला, अन शर्टाच्या बाहीनं नाक पुसत कँटीनकडं पळाला.